कुलवृत्तांत, वतन आणि व्यक्ती

मराठीत कुलवृत्तांत हा प्रकार प्रामुख्याने ब्राह्मण कुळांनी जोपासला. मूळ पुरुष, गोत्र, वंशावळ, शिक्षण, हुद्दा हा त्याचा साचा. त्यात यश हा कुळाचा गुण ठरतो आणि ते शक्य करणारी समाजव्यवस्था नजरेआड राहते. (मुली तर बहुधा विवाहाबरोबर वंशवृक्षातूनच गळतात.) नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) या साच्याला छेद देते.

दामोदर रुंजाजी जाधव यांनी नाशिक जिल्ह्यातील ओझर सोडून मुंबई गाठणे हे वरवर एका मानी माणसाचे धाडस वाटते. परंतु महार वतन व्यक्तीकडे नसे, घराण्याकडे असे. येसकरकीची पाळी घरावर येई, मोबदला तुटपुंजी जमीन आणि बलुते. त्यामुळे गावकी नाकारणारा एखादी चाकरी सोडत नव्हता. जन्माआधीच ठरलेले, भाऊबंदांसह वाटलेले बंधन तोडत होता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडलेले विधेयक याच गाठीवर घाव घालू पाहत होते. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ चा. तोवर सुटकेची वाट शहराकडेच होती, कारण मुंबई पोर्ट ट्रस्टच्या हजेरीपटावर घराणे नव्हे, एकट्या माणसाचे नाव लागे. हा तपशील वगळून पुस्तकाकडे केवळ कर्तबगार मुलांची यशोगाथा म्हणून पाहणारी समीक्षा त्याला पुन्हा कुलवृत्तांतच करून टाकते.