दुसऱ्या हातीं गेलेली वेगवान मोटार

चंदगडाहून बेळगांव जवळ आणि कोल्हापूर लांब, ही गोष्ट तेथील माणसाला भूगोलाच्या पुस्तकांतून शिकावी लागत नाहीं. बेळगांव सुमारें चाळीस किलोमीटर, तर कोल्हापूर शंभराच्याही पलीकडे. बाजार, लग्नाचा बस्ता, मोटारीचा मिस्त्री, सारें बेळगांवाला. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची फेररचना झाली. तोंवर बेळगांव जिल्ह्यांत असलेला हा तालुका कोल्हापूरला जोडला गेला, आणि शिनोळीच्या पुढें परराज्य सुरू झालें. आजच्या विषयाशीं या घटनेचा संबंध दूरचा वाटेल. पण चंदगडच्या एखाद्या तरुण डॉक्टरानें किंवा काजूच्या व्यापाऱ्यानें हौसेखातर जुनी, वेगवान मोटार घ्यावयाचें मनांत आणलें, आणि आठवड्यांतून एकदोनदां तींतूनच कामालाही जावें असें ठरविलें, म्हणजे या घटनेची गांठ त्याला पहिल्याच दिवशीं पडते. तिच्याकडे मी पुढें वळणार आहें. आधीं वेगवान मोटार आपल्याकडे आली कशी, तें पाहूं.

मोटारीचा वेग ही आपल्याकडे प्रथम संस्थानिकांची मिरास होती. कोल्हापूरच्या छत्रपति राजाराम महाराजांची मेबॅक ही जर्मन मोटार आजही दसऱ्याच्या सोहळ्यांत लोकांना पाहावयास मिळते. मेबॅक कंपनीचा मूळ धंदा झेपेलिन नांवाच्या प्रचंड हवाई जहाजांचीं एंजिनें बनविण्याचा, एवढें सांगितलें म्हणजे त्या मोटारीची जात ध्यानांत येईल. अशी मोटार दुसऱ्या हातीं जाण्याचा प्रश्न क्वचितच येई. तिचा एखादा भाग मोडला तर तो समुद्रापलीकडूनच आणावयाचा. सामान्य माणसानें ती फुकट घेतली असती, तरी ती सांभाळतांना त्याचें घर विकलें गेलें असतें.

सामान्य माणसाच्या मोटारीचा आरंभ आपल्या प्रांतांत कुर्ल्याला झाला. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि १९५४ पासून तेथें फियाट ११०० तयार होऊं लागली. ॲम्बॅसडर, फियाट आणि पुढें मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड या तिघींपलीकडे कित्येक वर्षें ग्राहकाला निवडीला वावच नव्हता. तरीही वेगाचे वेडे होतेच. मद्रासजवळ शोलावरम् येथें युद्धकाळांतल्या जुन्या विमानतळावर शर्यती होत, आणि त्यांत याच घरगुती फियाट व हेरल्ड धांवत. कारखान्यानें वेगवान गाडी दिली नाहीं, म्हणून ती मिस्त्र्यानें घडविली! एंजिनाचें डोकें घासून दाब वाढवावयाचा, एकाऐवजीं दोन कार्ब्युरेटर बसवावयाचे, धुराड्याची नळी मोकळी करावयाची. १०८९ घनसेंटिमीटरांच्या त्या लहानशा एंजिनांतून असा जोर पिळून काढला जाई.

फियाटवर हे प्रयोग बेधडक करतां येत, याचें कारण तिच्या वेगांत नव्हतें. तें मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींत होतें. रस्त्यावर हजारों फियाट होत्या. त्यामुळें पिस्टन, गिअर, दाराची मूठ, कांहींही कोठेंही मिळे. पद्मिनीचें उत्पादन या शतकाच्या तोंडाशीं थांबलें, तरी मुंबईंतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत चालत राहिल्या. वेगवान गाडीचें आयुष्य तिच्या साध्या बहिणीच्या आयुष्यावर अवलंबून असतें, असा माझा सिद्धांत आहे, आणि जुनी गाडी निवडतांना मी तो सर्वांत वर ठेवीन.

१९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० आली आणि हलक्या गाडीची चपळाई लोकांना प्रथम कळली. नव्वदीनंतर परदेशी कंपन्यांना दारें उघडलीं. होंडा सिटीचें १०६ अश्वशक्तीचें व्हीटेक एंजिन याच सुमारास येऊन गेलें. त्याचें नांव काढलें, कीं जुने शौकीन अजून हळवे होतात. पण आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी, कीं पुढच्या पंधरा वर्षांतल्या चार गाजलेल्या वेगवान गाड्या महाराष्ट्रांतच बांधल्या गेल्या. २००१ मध्यें कुर्ल्याहून फियाट पॅलिओची १.६ लिटरची जीटीएक्स निघाली. २००४ मध्यें औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराहून, १५० अश्वशक्तीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आली. २०१३ मध्यें चाकणची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, आणि २०१५ मध्यें पुण्याजवळच्या रांजणगांवची अबार्थ पुंटो. हिचें एंजिन १.४ लिटरचें, पण टर्बोच्या बळावर १४५ अश्वशक्ति देणारें.

या गाड्या नव्या असतांना फारशा खपल्या नाहींत. आपल्याकडे मोटारीसंबंधीं पहिला प्रश्न 'किती देते?' हाच असतो, आणि पॅलिओचें मोठें एंजिन या प्रश्नाला उत्तर देतांना खालीं मान घाली. म्हणूनच त्या लौकर उतरल्या भावानें बाजारांत आल्या. भाव उतरला म्हणजे खर्च उतरला, असें मात्र नव्हे. गाडीची किंमत वयाबरोबर घटते, पण तिच्या टर्बोची किंवा गिअरपेटीची किंमत घटत नाहीं.

आतां बहिणीचा सिद्धांत लावून पाहूं. आरएस ऑक्टाव्हियाला साधी बहीण होती, पण तीही आतां म्हातारी झाली. अबार्थचा सांगाडा साध्या पुंटोचा आणि एंजिन लिनिया टी-जेटचें. परंतु २०१९ च्या सुमारास फियाटनें येथील मोटारींचा धंदा आवरला, तेव्हां हें घराणेंच थांबलें. पोलोचें तसें नाहीं. ती २०१० पासून २०२२ पर्यंत विकली गेली. तिचे दिवे, दारें, बंपर आजही सहज मिळतात. २०१३ च्या जीटीमध्यें सात गिअरांची, कोरड्या दुहेरी क्लचची स्वयंचलित पेटी आहे. ती मोठी गोड चालते, परंतु बिघडल्यास नाक्यावरच्या मिस्त्र्याचें तें काम नव्हे. उलट २०२० नंतरच्या पोलोंत एक लिटरचें, तीन सिलिंडरांचें, ११० अश्वशक्तीचें टर्बो एंजिन आलें व त्याबरोबर हातानें टाकावयाचे गिअर मिळूं लागले. त्याच कुळांतलें एंजिन चाकणच्या व्हर्टस, टायगुन या गाड्यांत बसविलें जात असल्यानें साध्या बहिणी अजून नांदत्या आहेत. मन अबार्थवर बसेल, हें मला ठाऊक आहे, माझेंही बसतें. पण घरांत ती एकच गाडी असणार असेल, तर मी हातगिअरची पोलोच घ्या म्हणेन.

आणि रस्ता? बेळगांवाहून चंदगड तालुक्यांतून आंबोलीमार्गें वेंगुर्ल्यास उतरणारा हा मार्ग बंदराला बेळगांवच्या छावणीशीं जोडण्यासाठीं एकोणिसाव्या शतकांत नांदता झाला. सुक्या दिवसांत अशा गाडीला यापरतें सुख नाहीं. परंतु पावसाळा येथें महिनोन्‌महिने ठाण मांडतो, आणि रस्त्याचे खड्डे पाण्याखालीं लपतात. अबार्थचें पोट जमिनीपासून अवघें १५५ मिलिमीटर. साध्या पुंटोहून बरेंच खालीं. शहरांतल्या गुळगुळीत रस्त्यावर हें भूषण, पण आडगांवाच्या रस्त्यावर संकट. पेट्रोलाचेंही पाहावें. पंपावर आतां वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व पॅकिंगें त्याच्यासाठीं बनविलेलीं नव्हेत. तीं वेळेवर बदलावीं. उसाच्या तालुक्यानें इथेनॉलाला नांवें ठेवणें शोभणार नाहीं, ही गोष्ट वेगळी.

आतां तें १९५६ सालचें प्रकरण. बेळगांवांत किंवा गोव्यांत गाडी स्वस्त दिसते, मन मोहतें. परंतु ती परराज्यांतली. मूळ मालकाच्या परिवहन कार्यालयाकडून ना-हरकत दाखला आणावा लागतो. कर्ज असेल तर बँकेचा बोजा आधीं उतरवावा लागतो. आणि बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी महाराष्ट्रांत ठेवावयाची असेल, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें येथला क्रमांक घ्यावा लागतो व येथला करही गाडीच्या वयाप्रमाणें भरावा लागतो. हा कर किमतींत मिळविल्याखेरीज गाडी स्वस्त म्हणूं नये. दाखला हातीं पडेपर्यंत पुरी रक्कमही देऊं नये. शेजारच्या गांवचा ओळखीचा माणूस आहे, दाखला मागाहून देईल, या भरंवशावर अडकलेल्या गाडीला क्रमांक एका राज्याचा, मालक दुसऱ्या राज्याचा, आणि अपघात झाला तर विमा कोणाचा, हा प्रश्न तिसराच.

गोव्याची गाडी असेल तर ती उचलून खालून पाहावी. समुद्राचा वारा लोखंड खातो. कोल्हापूरची असेल तर २०१९ आणि २०२१ च्या महापुरांची आठवण ठेवावी. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढावा; पुरांत बुडालेल्या गाडीचीं बाहेरचीं अंगें कितीही घासलीं तरी पट्ट्याच्या तळाशीं गाळाची रेघ राहते. सकाळीं एंजिन थंड असतांनाच सुरू करून बघावें. विक्रेत्यानें आधींच तापवून ठेवलें असेल, तर तें कशासाठीं, हें विचारावें. वेगवान गाडी पहिल्या मालकानें जपून चालविली असेल, असें समजण्यास कांहींच आधार नसतो. म्हणून टायर चारही एकाच जातीचे आहेत काय, ब्रेकच्या तबकड्यांना कडा आल्या आहेत काय, तेलाच्या पावत्या आहेत काय, हें तपासावें. शेवटीं कोरडा दिवस आणि जाणता मिस्त्री बघून, विक्रेत्याच्या संमतीनें, गाडी तिलारीच्या घाटांत न्यावी. हा उतार फार तीव्र आहे. खालच्या गिअरमध्यें, बेताच्या वेगानें उतरावें, तळाशीं थांबून कांच खालीं करावी, आणि चाकांपाशीं जळका वास येतो काय व ब्रेकचा पायटा पूर्वींइतकाच घट्ट लागतो काय, तें पाहावें. मग तोच घाट परत चढावा, व तापमानाच्या कांट्यावरून नजर हलवूं नये.