ओक बेटाचा खड्डा : पाणी कुणी सोडले?

खजिन्याच्या गोष्टींत मला खजिन्यापेक्षा तो पुरणाऱ्याचे काम जास्त तपासावेसे वाटते. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातील ओक बेट त्यासाठी उत्तम. एका खड्ड्यापायी तिथे दोन शतकांहून अधिक काळ माणसे पैसा ओतत आली आहेत.

कथा अशी : १७९५ मध्ये डॅनियल मॅकगिनिस नावाच्या तरुणाला जमिनीत एक खोलगट जागा दिसली. मित्रांसह खणल्यावर दर दहा फुटांवर ओकच्या ओंडक्यांचा थर लागला. काही वर्षांनी ऑन्स्लो कंपनीने सुमारे नव्वद फूट गाठले. कोरीव अक्षरांचा एक दगड मिळाला आणि पाठोपाठ खड्डा पाण्याने भरला. उपसून उपसून पाणी हटेना. पुढे १८५० च्या सुमारास स्मिथ्स कोव्ह या किनाऱ्यावर वाळूखाली दगडी चर व नारळाचा काथ्या सापडला. झाले! निष्कर्ष निघाला की खजिना पुरणाऱ्याने पाचशे फूट लांब बोगदा खणून समुद्रच पहारेकरी म्हणून बसवला.

आता थोडा हिशेब करू. समुद्रसपाटीखाली हाताने बोगदा खणायचा तर आधी बांध घालून समुद्र अडवायचा, शंभर फूट खोलीवर हवा पोहोचवायची, पाझर अहोरात्र उपसायचा. चाचे लोकांना एवढी फुरसत कुठली? आणि नंतर स्वतःचा माल ते काढणार कसे? कथेनुसार पाणी वरून सुमारे तेहतीस फुटांवर येऊन थांबले. ती पातळी जवळपास समुद्रसपाटीचीच. किनाऱ्यालगत खोल विवर खणले की असे होणारच. त्या भागात जमिनीखाली चुनखडी आणि जिप्सम आहे. हे खडक पाण्यात विरघळतात, पोकळ्या होतात, वरची माती खचते. १९९५ मध्ये वुड्स होल या समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाहणी केली. त्यांनाही बोगद्यापेक्षा नैसर्गिक पाझराची शक्यता अधिक वाटली.

१८९८ मध्ये खड्ड्यात लाल रंग ओतला गेला. तो स्मिथ्स कोव्हला निघायला हवा होता, निघाला दक्षिण किनाऱ्यावर. पण बोगद्याची कल्पना सोडण्याऐवजी खोदणाऱ्यांनी दुसरा बोगदा असल्याचे मानले! कोरीव दगडही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गायब झाला. सर्वांत जुन्या छापील हकिकती १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या, म्हणजे मूळ घटनेनंतर साठ वर्षांनी छापलेल्या. ओंडक्यांचे थर कितपत खरे होते हे आज तपासायला मूळ खड्डाच उरलेला नाही. १८६१ मध्ये तो खचला आणि शेजारी इतके खड्डे पडले की जागाही नीट सांगता येत नाही.

खजिन्याच्या मालकांत कॅप्टन किडचे नाव नेहमी येते. हा आपल्या किनाऱ्याचाही जुना गुन्हेगार. १६९८ मध्ये त्याने सुरतेकडे निघालेले, आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या मालाने भरलेले ‘केदाह मर्चंट’ जहाज लुटले. मोगल दरबार संतापला आणि सुरतेतल्या ईस्ट इंडिया कंपनीला त्याची झळ बसली. किडने पुरलेले काही सोने न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर १६९९ मध्येच सापडले होते. तिथे ना बोगदा होता, ना सापळा. टेम्प्लरांचे नाव घेणारेही आहेत. १३१२ मध्ये बरखास्त झालेला हा संघ या ना त्या रहस्यात हजर असतोच.

काथ्याचे कोडे मात्र मला हसून सोडून देता येत नाही. नोव्हा स्कॉशियात नारळ होत नाही. रेडिओकार्बन चाचणीत काही नमुने तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आसपासचे ठरले, म्हणजे किडच्याही कित्येक पिढ्या आधीचे. जहाजात मालाभोवती काथ्या भरत असत, एवढ्यावरून तो इथे पोहोचल्याचे समजते, त्याचे वय समजत नाही.

१७ ऑगस्ट १९६५ रोजी रॉबर्ट रेस्टॉल किनाऱ्याजवळच्या एका खड्ड्यात विषारी वायूने बेशुद्ध होऊन पडले. त्यांना वाचवायला मुलगा उतरला, त्याच्यामागून आणखी दोघे. चौघेही गेले. बेटावर खोदकामात दगावलेल्यांची संख्या त्या दिवशी सहा झाली. खोदकाम पुन्हा सुरू झाले आणि २०१४ पासून त्याची टीव्ही मालिकाही चालते.