उमरीच्या बांधावरचे गाजरगवत

नांदेड जिल्ह्यातील उमरीची ओळख काळ्या जमिनीतला कापूस आणि त्यावर उभा राहिलेला जिनिंगचा धंदा यांनी घडवली असली, तरी पावसाळा लागताच तेथील बांध, पडीक राने, रेल्वेमार्गाच्या कडा आणि उकिरडे ज्या वनस्पतीच्या बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जातात, ती कोणी पेरलेली नाही. तिला गाजरगवत किंवा काँग्रेस गवत म्हणतात. मात्र ते गवत नसून सूर्यफुलाच्या कुळातील रोप आहे आणि पाने गाजराच्या पाल्यासारखी दिसतात एवढेच पहिल्या नावाचे कारण आहे. पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे त्याचे शास्त्रीय नाव असून मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा प्रदेश हे त्याचे मूळ स्थान मानले जाते.

परकी वनस्पती येणे आणि ती स्थिरावणे या दोन निराळ्या घटना आहेत. माणसाच्या मदतीवाचून, स्वतःच्याच बियांवर जी पिढ्यानुपिढ्या टिकते, तिला वनस्पतिशास्त्र स्थिरावलेली म्हणते. उमरीच्या शेतांतील अमेरिकन कापूसही मूळचा मेक्सिकोकडचाच. त्याने गावरानी कापसाला मागे सारले, पण त्याला पेरावे आणि खुरपावे लागते, शिवाय संकरित वाण व २००२ नंतर बीटी वाण आल्यापासून त्याचे बियाणेही दर हंगामाला विकत आणावे लागते. तो परका आहे, स्थिरावलेला नाही. गाजरगवताला यातले काहीच लागत नाही.

या वनस्पतीची भारतातील नोंद समजुतीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्या १८१४ मधील कलकत्त्याच्या उद्यानाच्या यादीत तिचे नाव आढळते, आणि बिहारमधील आरा येथून १८८० मध्ये गोळा केलेला नमुनाही उपलब्ध आहे. तरीही ती सर्वत्र पसरली नाही. पुण्यात ती उकिरड्यांवर दिसू लागली आणि १९५६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी तिची नवी नोंद म्हणून दखल घेतली, त्यानंतरच तिचा फैलाव वेगाने झाला. अमेरिकेच्या पीएल-४८० या धान्यमदत योजनेतील गव्हाबरोबर ती आली असे सर्रास सांगितले जाते. परंतु त्या योजनेखालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला आहे आणि पुण्यातील रोपे त्याआधीची आहेत. अमेरिकन गहू १९५१ च्या कर्जातूनही आला होता, त्यामुळे धान्यातून बी आल्याची शक्यता उरते, मात्र सगळा दोष एका योजनेवर टाकणे इतिहासाला धरून नाही.

खरा प्रश्न असा की दीडशे वर्षांच्या जवळपास दबून राहिलेले झाड एकदम का पसरले. एक रोप हजारो बिया धरते, त्या वारा, पाणी, शेणखत आणि गाड्यांच्या चाकांबरोबर लांब जातात, उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुले येतात, जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, आणि मुळा-पानांतून सुटणारी द्रव्ये शेजारच्या रोपांची उगवण रोखतात. पण या गुणांना उघडी, खणलेली जमीन हवी असते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडाभर रोजगारासाठी रस्ते, पाझर तलाव आणि बांधबंदिस्तीची कामे निघाली, पुढे कालवे आले. पोटासाठी खोदलेल्या त्या मातीनेच या तणाला वाट करून दिली, असे म्हणावे लागते. उमरीत मनमाड-हैदराबाद रेल्वेमार्गाच्या खडीच्या कडा तर विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच उघड्या होत्या. हाताने तण उपटणाऱ्या बायका आणि मजूर यांच्या वाट्याला त्याची किंमत आली: या वनस्पतीतील पार्थेनिन या द्रव्यामुळे अंगाला खाज सुटते, त्वचा भेगाळते आणि परागकणांनी दम्याचा त्रास होतो.

तिच्यावर उपाय म्हणून तिच्याच मायदेशातून भुंगा आणण्यात आला. झायगोग्रामा बायकोलोराटा हा मेक्सिकन भुंगा १९८३ मध्ये बंगळुरूला आणला गेला आणि पुढच्या वर्षी मोकळा सोडण्यात आला. परभणीच्या कृषी विद्यापीठातही त्याची पैदास करून तो शेतकऱ्यांना पुरवला जातो. तो सूर्यफुलावर आढळल्याने काही काळ चिंता निर्माण झाली होती, आणि लातूरकडील सूर्यफुलाच्या पट्ट्यासाठी ती रास्तच होती, परंतु पुढील तपासणीत पिकाला मोठा धोका दिसला नाही. पावसाळ्यात तो पाने फस्त करतो, तेव्हा उमरीचे काही बांध खरोखर उघडे दिसतात. हिवाळ्यात मात्र तो जमिनीत शिरून पहिल्या पावसापर्यंत निद्रिस्त राहतो, आणि त्याच महिन्यांत पाण्याखालच्या रब्बीच्या कडेला उगवलेले गाजरगवत निर्धास्तपणे फुलून पुढच्या वर्षाचे बी टाकते.