विरोधाभासी मस्तिष्क-विस्थापन

मेंदूला गंभीर सूज आली असता त्यावरील दाब उतरविण्यासाठी कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवण्याची जी शस्त्रक्रिया करतात, तिच्यानंतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी क्वचितच उद्‌भवणारा, परंतु प्राणघातक ठरू शकणारा उपद्रव. कवटीची अशी उणीव राहिल्याने होणारी डोकेदुखी, चक्कर इ. सौम्य लक्षणे ग्रँट व नॉरक्रॉस या शस्त्रचिकित्सकांनी १९३९ मध्ये वर्णिली होती.

अस्थीचे कवच नसल्याने वातावरणाचा दाब त्वचेवाटे मेंदूवर पडत असतो. अशा स्थितीत कण्यातून पाणी काढल्याने अथवा निचरानलिकेमुळे मस्तिष्क-मेरुद्रव घटला, म्हणजे आतील दाब वातावरणाच्या दाबाहून खाली जातो आणि मेंदू विरुद्ध बाजूस व खाली सरकतो. शस्त्रक्रियेच्या जागी त्वचा बशीसारखी खोल बसते, रुग्णाची शुद्ध हरपू लागते, बाहुली विस्फारते आणि अंगाची एक बाजू लुळी पडते.

ही लक्षणे मेंदूतील दाब वाढल्यासारखीच भासत असल्याने मेंदूतील दाब उतरविणारे मॅनिटॉल हे औषध देण्याकडे कल होतो, परंतु तो इलाज येथे घातक होय. उलटपक्षी, निचरा ताबडतोब बंद करून, डोके पायांपेक्षा खाली ठेवून शिरेवाटे लवणद्रव देतात. कायमचा उपाय म्हणजे जपून ठेवलेले अस्थिखंड किंवा टायटॅनियमचे आवरण बसवून कवटी पुन्हा पूर्ण करणे, हाच होय.