गप्पांचा दस्तऐवज : मेन्लो पार्क, १९७५

साहित्याचा इतिहास लिहिताना आपण ग्रंथांकडे, नियतकालिकांकडे, पत्रव्यवहाराकडे वळतो. गप्पांकडे सहसा वळत नाही, कारण त्या मागे काही ठेवीत नाहीत. मुक्तस्रोत आज्ञावलींच्या इतिहासात मात्र गप्पा वगळून चालत नाही. 'मुक्तस्रोत' या अर्थाची इंग्रजी संज्ञा १९९८ सालची. तिच्या मुळाशी असलेला वाद त्यापूर्वी दोन दशके, हौशी मंडळींच्या बोलण्यातच पेटला होता.

५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजात सुमारे तीस माणसे जमली. निमित्त 'अल्टेअर ८८००' या नव्या संगणकाचे. त्याला ना कळफलक होता, ना पडदा. खटके दाबायचे आणि दिव्यांकडे पाहायचे. या यंत्राचे करायचे काय, हेच बोलायला लोक आले होते. यातूनच 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' उभा राहिला. फ्रेंच यांच्यासह बैठक बोलावणारे फ्रेड मूर हे मूळचे शांततावादी. १९५९ साली सक्तीच्या लष्करी शिक्षणाविरुद्ध बर्कली विद्यापीठात ते उपोषणास बसले होते. ज्ञान वाटून घ्यावे, ही त्यांची श्रद्धा यंत्रापेक्षा जुनी होती.

पुढे बैठका स्टॅनफर्डच्या त्वरक केंद्राच्या सभागृहात भरू लागल्या. सूत्रधार ली फेल्सेनस्टाइन यांनी त्यांचे दोन भाग केले. पहिल्यात ज्याने त्याने उभे राहून आपल्याजवळ काय आहे, काय हवे आहे, कोणती वदंता कानावर आली आहे, ते सांगायचे. दुसऱ्यात ज्याला जो गाठायचा त्याने त्याला गाठायचे. या दुसऱ्या भागाला त्यांनी संगणकाच्या स्मृतीवरूनच 'रँडम ॲक्सेस' असे नाव दिले. आमच्या मते खरा क्लब तो हाच. आपल्याकडच्या कट्ट्याला सूत्रधार नसतो, एवढाच फरक.

याच वर्तुळात अल्टेअरसाठीच्या 'बेसिक'ची छिद्रांकित कागदी फीत हाती आली. तिच्या प्रती निघाल्या आणि बैठकीत फुकट वाटल्या गेल्या. अट एवढीच की, नेणाऱ्याने पुढे आणखी प्रती काढून आणाव्यात. ते 'बेसिक' लिहिणाऱ्यांपैकी वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये हौशी मंडळींना उद्देशून खुले पत्र लिहिले. वापरणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांनीही ते विकत घेतलेले नाही, हिशेब केला तर आमच्या श्रमाला ताशी दोन डॉलरही पडत नाहीत, आणि याला चोरी म्हणतात, असा त्याचा आशय. पत्र नेटके आहे, रागही खरा आहे. लेखकाच्या मानधनाविषयी ज्यांनी कधी विचार केला असेल, त्यांना ते सहज झटकून टाकता येणार नाही.

दुसरी बाजू निबंधात सापडत नाही. ती आज्ञावलीतच वाचावी लागते. 'पीपल्स कॉम्प्युटर कंपनी' या संस्थेने पत्रापूर्वीच 'टायनी बेसिक'चा आराखडा प्रसिद्ध करून वाचकांना ते रचण्याचे आवाहन केले होते. जानेवारी १९७६ पासून 'डॉ. डॉब्ज जर्नल' त्यासाठीच निघाले. त्याच वर्षी ली-चेन वँग यांनी आपल्या आवृत्तीच्या शिरोभागी 'कॉपीराइट'च्या जागी 'कॉपीलेफ्ट' लिहिले आणि 'सर्व हक्क स्वाधीन' ऐवजी 'सर्व चुका स्वाधीन' अशा अर्थाची पुस्ती जोडली. इंग्रजीत हक्क, उजवे आणि बरोबर या तिन्हींना शब्द एकच, म्हणून ही कोटी साधते. मराठीत ती अर्धीच उतरते. रिचर्ड स्टॉलमन यांच्यापर्यंत 'कॉपीलेफ्ट' हा शब्द १९८० च्या दशकात निराळ्या वाटेने पोचला आणि मग त्याला कायद्याची भाषा मिळाली.

गेट्स यांच्या पत्राने या गप्पा थांबल्या नाहीत. त्या आटल्या त्या आतून. स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी आपल्या संगणकाचे आराखडे क्लबात मोकळेपणी वाटले होते. एप्रिल १९७६ मध्ये 'ॲपल' स्थापन झाली. इतर सभासदांनीही कंपन्या काढल्या, आणि काल जे आपणहून सांगत होते, ते आज पुढच्या यंत्राविषयी विचारल्यावर विषय बदलू लागले. डिसेंबर १९८६ पर्यंत बैठका चालल्या. फ्रेड मूर तोवर केव्हाच निघून गेले होते.