रिठ्याचा फेस

1788 साली पेडणे पोर्तुगीज अमलाखाली गेले. त्या काळच्या सनदा आणि इनामपत्रे आमच्या पेडणे-डिचोलीच्या घराण्यांनी जपली. न्हाणीघरातली विद्या मात्र कोणी लिहून ठेवली नाही. रेशमी सोवळे रिठ्यानेच धुवावे, हे घरच्या बायकांना ठाऊक होते. कारण त्यांना कोणी विचारले नाही.

जर्मनीत घर सांभाळणाऱ्या आग्नेस पोकेल्सबाईंचे स्वयंपाकघरातील प्रयोग निदान 1891 साली लॉर्ड रॅले यांनी ‘नेचर’मध्ये छापवून आणले. पाण्याच्या पृष्ठाचे शास्त्र तेथून वाढले. साबणाचा रेणू पृष्ठाशी उभा राहतो: शेपूट हवेत, ऋणभारित डोके पाण्यात. सारखे भार एकमेकांस लोटतात, म्हणून रांग विरळ राहते. केसांच्या कंडिशनरमधले धनभारित द्रव्य बेताने मिसळले की विरुद्ध भार जवळ येतात, दाटी होते, आणि कोणा एकट्याला साधला नसता इतका पृष्ठताण उतरतो. समसमान मिसळले तर बहुधा साकाच बसतो!

रिठ्याच्या रेणूचे डोके मुख्यतः साखरेचे; तेथे भाराचे भांडण फारसे नाही. साबणाचा क्षार रेशमाला बाधतो, रिठ्याच्या पाण्यात तो नसतो. आमच्या आज्यांचे सोवळे त्यामुळे टिकले.