होडीत बसण्याआधी: वारा, लाट आणि चाँदची तारीख

बासी ईदला कोकणातल्या कितीतरी घरांतून सहल निघते. राजपुरीच्या जेट्टीवरून जंजिरा, मालवणहून सिंधुदुर्ग किल्ला, नाहीतर पाहुण्यांच्या गावच्या खाडीत एक फेरी. होडी सोडायची की नाही हे तांडेल ठरवतो, आणि त्याचा अनुभव आपल्यापेक्षा मोठाच असतो. पण गिऱ्हाइकांनी आग्रह धरला, की त्याच्यावरही दबाव येतो. बायका-मुलं, म्हातारी माणसं घेऊन बसायचं तर "आज नको" म्हणण्याइतकी समज आपल्यालाही हवी. त्यासाठी लागणारी माहिती इथे एकत्र दिली आहे. स्वतःची लहान होडी असलेल्यांनाही ती उपयोगी पडेल.

वारा किती आहे?

समुद्रावर वाऱ्याचा वेग नॉटमध्ये सांगतात. १ नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर. हातात कुठलंही यंत्र नसलं तरी वारा डोळ्यांनी मोजता येतो. ब्रिटिश नौदलातले अधिकारी फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी १८०५ मध्ये त्यासाठी ० ते १२ अशी पट्टी तयार केली. ती आजही जगभर वापरतात. आपल्या कामाच्या पायऱ्या अशा:

२ री पायरी (४ ते ६ नॉट): वारा चेहऱ्याला जाणवतो, पानं सळसळतात. पाण्यावर लहान तरंग, फेस नाही.

३ री (७ ते १० नॉट): बारीक डहाळ्या सतत हलतात, हलका झेंडा फडकतो. पाण्यावर कुठे कुठे पांढरा फेस दिसू लागतो.

४ थी (११ ते १६ नॉट): धूळ आणि कागद उडतात, लहान फांद्या हलतात. फेस जागोजागी दिसतो.

५ वी (१७ ते २१ नॉट): लहान झाडं डोलू लागतात. जिकडे पाहावं तिकडे फेस, थोडे तुषारही.

६ वी (२२ ते २७ नॉट): मोठ्या फांद्या हलतात, छत्री धरणं कठीण होतं. मोठ्या लाटा उठतात.

लहान उघड्या होडीसाठी ढोबळ हिशोब असा ठेवावा: ३ ऱ्या पायरीपर्यंत ठीक, ४ थीला विचार करायचा, ५ वीला निघायचंच नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून १० नॉटला आरामात चालणारी होडी २० नॉटला भलतीच वागते. अंदाजात "झोत" म्हणून वेगळा आकडा दिला असेल, तर निर्णय त्या मोठ्या आकड्यावर करावा.

वारा कुठून येतो?

शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. ते फक्त परीक्षेपुरते नाहीत. पावसाळा सोडून बाकीच्या महिन्यांत रात्री आणि पहाटे जमीन समुद्रापेक्षा थंड असते, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई. दिवस वर आला की जमीन तापते आणि वारा फिरतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो, तो तीन-चारच्या सुमारास जोरात असतो आणि मगरिबनंतर हळूहळू पडतो. मार्च ते मे या काळात त्याचा जोर जास्त. म्हणून सहल सकाळी करावी आणि दुपारच्या आत परत यावं, हा जुन्या नाखवांचा सल्ला अगदी शास्त्रशुद्ध आहे.

मतलई वाऱ्यात एक फसवणूकही आहे. किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं तर पाणी आरशासारखं दिसतं, कारण वारा आपल्या पाठीमागून येतो आणि लाट उठायला त्याला जागाच मिळालेली नसते. जसं आत जावं तशी लाट वाढते. अशा वेळी इंजिन बंद पडलं, तर होडी किनाऱ्याकडे नाही, खोल समुद्राकडे वाहत जाते.

लाट नुसत्या उंचीने मोजू नका

लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहतोय, आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून येतोय. अंदाजात जी उंची सांगतात ती सगळ्यात मोठ्या लाटेची नसते. सगळ्या लाटांपैकी ज्या एक तृतीयांश मोठ्या, त्यांची ती सरासरी असते. त्यामुळे अंदाज १ मीटरचा असला तरी मधूनच जवळपास २ मीटरची लाट येऊ शकते. लहान होडीसाठी अर्ध्या मीटरपर्यंत निवांत, १ मीटरला सावध, त्याच्या वर नको.

दोन लाटांमधलं अंतर सेकंदात मोजा. इथल्याच वाऱ्याने उठलेल्या लाटा साधारण ४ ते ६ सेकंदांनी येतात, उभ्या असतात आणि होडीला आपटतात. बारा-पंधरा सेकंदांनी येणारी लांब लाट दूरच्या वादळातून आलेली असते. खोल पाण्यात ती होडीला नुसती वर-खाली करते, पण उथळात आली की उंच होऊन फुटते. उन्हाळ्यात दक्षिण हिंदी महासागरातून अशा लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून आपल्या किनाऱ्यावर पोचतात. इथे वारा नाही, आभाळ स्वच्छ, तरी जेट्टीवर पाणी उसळतंय असं दिसलं तर कारण बहुधा हेच. जंजिऱ्यासारख्या ठिकाणी, जिथे होडीतून थेट पायऱ्यांवर उतरायचं असतं, तिथे पाय घसरून किंवा होडी आणि दगड यांच्यामध्ये सापडून इजा होते ती अशाच उसळीत.

चाँदची तारीख आणि भरती

भरती-ओहोटी चंद्रावर चालते, म्हणून हिजरी तारीख माहीत असणाऱ्याला अर्धा अंदाज फुकट मिळतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, म्हणून प्रवाहही जोरात. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. चाँदच्या हिशोबाने १-२ आणि १४ ते १६ तारखेला उधाण, ७ ते ९ आणि २१ ते २३ ला भांग असं ढोबळ समजावं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते.

आता रमजान ईदचा विचार करा. ती १ शव्वालला, म्हणजे दरवर्षी उधाणातच येते. मुंबई आणि कोकण किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी बारा-एकच्या आसपास पूर्ण होते. त्यानंतर पाणी उतरू लागतं. सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासाला साधारण बारावा हिस्सा पाणी उतरतं, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं. म्हणजे अस्रच्या सुमारास खाडीतून पाणी सगळ्यात जोरात बाहेर पडत असतं, आणि नेमका तेव्हाच खारा वारा समोरून जोरात असतो. पाणी एकीकडे, वारा दुसरीकडे असलं की लाटा आखूड आणि उभ्या होतात. खाडीच्या मुखाशी वाळूचा उथळ पट्टा असेल तर त्या तिथेच फुटतात. ईदच्या किंवा बासी ईदच्या दुपारी तीन ते पाच ही वेळ खाडीच्या मुखातून बाहेर पडायला सगळ्यात वाईट, ती अशी.

बकरी ईद १० झिलहिज्जाला, म्हणजे भांगाच्या जवळ येते. तेव्हा प्रवाह कमी असतो, पण मोसम पाहावा लागतो. २०२५ मध्ये ती ७ जूनला होती, पावसाळ्याच्या तोंडावर. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने ती आता हळूहळू मे महिन्यात सरकते आहे. मे म्हणजे जोरदार खारा वारा आणि दुपारच्या वादळी ढगांचा काळ.

मोसम

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. एरवी रोज समुद्रात असणारी माणसं ज्या महिन्यांत जात नाहीत, त्या महिन्यांत आपण सहलीसाठी जाऊ नये. पावसाळ्याच्या आधीचे आणि नंतरचे महिने चक्रीवादळांचे. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आलं, निसर्ग ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याला समांतर गेलं. दिवाळीच्या सुमारास समुद्र शांत दिसतो, तरी अंदाज पाहिल्याशिवाय जाऊ नये.

मे आणि ऑक्टोबरच्या दुपारी ढग फुलकोबीसारखे उंच वाढताना दिसले, किंवा अचानक थंड झोत आला, तर लगेच परत फिरा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. दर ३ सेकंदांना साधारण १ किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला, तर वादळ १० किलोमीटरच्या आत आहे.

अंदाज कुठे पाहायचा?

भारतीय हवामान विभाग मच्छीमारांसाठी रोज इशारा देतो. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांची उंची, लांब लाटा आणि प्रवाह यांचा अंदाज देते. बंदरावर बावटा लावलेला असतो. तीन नंबरचा बावटा म्हणजे बंदराला वादळी वाऱ्याचा धोका. तो दिसला की कुणाचाही आग्रह मोडून मागे फिरावं.

निघण्याआधी

१. आजचा आणि परतीच्या वेळेचा, दोन्ही अंदाज पाहिलेत का?
२. भरती किती वाजता, आणि परत येताना ओहोटी कितपत उतरलेली असेल?
३. जेट्टीवर दहा मिनिटं उभं राहून फेस आणि लाटांमधले सेकंद मोजलेत का?
४. मच्छीमार आज गेलेत का? नसतील तर का?
५. प्रत्येकाला, लहान मुलांनाही त्यांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, आणि ते अंगात घातलंय का?
६. होडीत ठरलेल्यापेक्षा जास्त माणसं नाहीत ना?
७. कुठे जातोय आणि कधी परतणार, हे किनाऱ्यावर कुणाला सांगितलंय का?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं नाही, तर सहल किनाऱ्यावरच करावी. पैसे परत मिळोत न मिळोत. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा मोफत क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. निघण्याआधीच हे दोन्ही मोबाइलमध्ये घालून ठेवा.